जेडाइट की नेफ्राइट? चाकू ठेवा, वजनकाटा काढा

जेड हे रत्न दोन प्रकारचं असतं: जेडाइट आणि नेफ्राइट. म्यानमारचा, क्रोमियममुळे हिरवागार झालेला जेडाइट सगळ्यांना ठाऊक असतो. गोंधळ होतो तो नेफ्राइटपाशी. तोही जेडच. जेडाइट हे सोडियम-ॲल्युमिनियमचं सिलिकेट, नेफ्राइट हे कॅल्शियम-मॅग्नेशियमचं, आणि ही दोन वेगळी खनिजं आहेत हे दामूर या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८६३ मध्येच दाखवलं. तरी नेफ्राइटला ‘नकली’ म्हणणं काही थांबत नाही. चीनमधल्या होतानच्या उत्तम पांढऱ्या नेफ्राइटचा भाव एकदा विचारून बघा!

रंगावरून ओळखायला जाऊ नका. हिरवे, पांढरे, काळे दोन्हीकडे आहेत. चाकूने ओरखडा काढणं तर निव्वळ अडाणीपणा. खनिजांच्या कठिणतेच्या मोह्स मापावर नेफ्राइटची कठिणता ६ ते ६.५, जेडाइटची ६.५ ते ७. साधा चाकू दोघांपुढेही हरतो. आणि जास्त कठीण तो जास्त मजबूत, हेही खोटं. नेफ्राइटचे तंतू नमद्यासारखे एकमेकांत गुंतलेले असतात, म्हणून आपटल्यावर फुटायला तोच जास्त चिवट.

खरा फरक घनतेत आहे: जेडाइट सुमारे ३.३४, नेफ्राइट सुमारे २.९५ ग्रॅम प्रति घन सेंटीमीटर. बांगडी आधी कोरडी तोला. समजा ५० ग्रॅम भरली. मग काट्यावर पाण्याचं भांडं ठेवून आकडा शून्यावर आणा आणि बांगडी बारीक दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडेल अशी लटकवा. तळाला किंवा कडेला टेकली, की मोजमाप फुकट. काटा १५ च्या आसपास दाखवेल तर जेडाइट, १७ च्या आसपास दाखवेल तर नेफ्राइट. कोरडं वजन भागिले हा आकडा म्हणजे घनता. भोकात किंवा नक्षीत हवेचे बुडबुडे अडकले तर घनता कमी भरते आणि जेडाइट नेफ्राइटकडे सरकतो. पाण्यात साबणाचा एक थेंब टाका, बुडबुडे ब्रशने झटका. धातूत जडवलेल्या खड्याला ही पद्धत चालत नाही. दोन ग्रॅमच्या मण्यात फरक जेमतेम ०.०८ ग्रॅमचा, तिथे ०.०१ ग्रॅम दाखवणारा काटा हवाच.

जेडाइट निघाला म्हणून लगेच पैसे मोजू नका. आम्लात धुऊन आत राळ भरलेला ‘बी’ माल या काट्यावर बहुधा पकडला जात नाही. त्याला प्रयोगशाळेतली इन्फ्रारेड तपासणीच लागते. आणि प्रमाणपत्रावरचा ‘ए’ म्हणजे अव्वल दर्जा नव्हे. वरच्या मेणाशिवाय काही प्रक्रिया केलेली नाही, एवढंच तो सांगतो. भुरकट, डागाळलेला, अपारदर्शक जेडाइटसुद्धा ‘ए’ असतो.