आधी महिनाभर राहून बघा, मग ठरवा
आमच्या ज्येष्ठ निवासाविषयी माहितीपत्रक

जुळे सोलापुरात किंवा होटगी रोडला स्वतःचं घर, मुलगा पुण्यात, मुलगी हैदराबादला आणि घरात दोघंच, अशी कुटुंबं आता आपल्याकडे गल्लोगल्ली आहेत. त्यांतले बरेच जण चौकशीला येतात तेव्हा पहिला प्रश्न असतो, "फ्लॅट कितीला?" म्हणून तेच आधी सांगतो. आम्ही फ्लॅट विकत नाही.

जागा आणि इमारत आमच्या मालकीची आहे, आणि स्वयंपाकघरापासून रात्रपाळीच्या नर्सपर्यंत सगळं आम्हीच चालवतो. तुम्ही एकदा अनामत भरायची आणि दरमहा ठरलेला आकार द्यायचा. यात एक गोष्ट मनाशी पक्की असू द्या: ही खोली पुढे मुलांच्या नावावर होणार नाही. मुलांसाठी मालमत्ता मागे ठेवायची असेल तर विकत मिळणारा प्रकल्प बघा. तिथे मात्र एवढं विचाराच, की सगळे फ्लॅट विकून सोसायटी झाल्यावर मेस आणि नर्स कोण चालवणार, आणि कोणत्या कराराने? त्या सेवा बंद पडल्या तर हातात नुसता फ्लॅट उरतो.

आमचा करार लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे मालकी न देता राहण्याच्या परवानगीचा आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे तो लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, आणि तो तसाच होतो. अनामत कधी परत मिळणार, दरवर्षी आकार किती वाढणार, दोघांपैकी एकजण गेल्यावर दुसऱ्याला किती भरावं लागणार, अंथरुणाला खिळल्यास काय, हे सगळं त्यात लिहिलेलं असतं. मसुदा घरी न्या, मुलांना दाखवा, ओळखीच्या वकिलाला दाखवा. आम्हाला घाई नाही.

आणि कृपा करून राहतं घर विकून येऊ नका. आधी महिनाभर पाहुणे म्हणून राहा, त्याला अनामत लागत नाही. घर मुलांच्या नावे बक्षीसपत्राने करायचं असेल, तर सांभाळ करण्याची अट त्यात स्पष्ट लिहून घ्या. अट असूनही पाळली गेली नाही, तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ खाली ते बक्षीसपत्र रद्द करून मागता येतं. अट लिहिलेली नसेल तर हे काम अवघड होतं.

खोली बघायला याल तेव्हा सर्वात आधी बाथरूम बघा. आमच्याकडे त्याचं दार बाहेरच्या बाजूला उघडतं. आत कोणी पडलं तर आत उघडणारं दार त्यांच्याच अंगाने अडतं आणि मदत पोचायला वेळ लागतो. कमोडशेजारी धरायला दांडी आहे, उंबरा नाही, आणि ओढायची घंटेची दोरी जमिनीपर्यंत सोडलेली आहे, कारण पडलेल्या माणसाचा हात वर पोचत नाही.

सोलापुरात मराठीबरोबर तेलुगू आणि कन्नडही घरोघरी बोलली जाते. विस्मरणाचा आजार वाढला की अनेकांना लहानपणीची भाषाच जवळची वाटू लागते. म्हणून या तिन्ही भाषा बोलणाऱ्या मावश्या आम्ही मुद्दाम ठेवल्या आहेत. पद्मशाली घरातल्या एखाद्या आजींना रात्री तेलुगूत बोलणारं कोणी भेटलं, की त्या लवकर शांत होतात. हे आम्हाला औषधाइतकंच मोलाचं वाटतं.

जेवणात रोज ज्वारीची भाकरी असते, कवळी असणाऱ्यांसाठी मऊ केलेली आणि शेंगाचटणी बारीक कुटलेली. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार जातो तेव्हा फिरायला सकाळी आठच्या आतच नेतो. उतारवयात तहान कमी जाणवते, म्हणून पाणी आणि ताक मागायची वाट न बघता देतो. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या रुग्णांना मात्र डॉक्टरांनी ठरवून दिलं असेल तेवढंच. शहरात नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे साठवणीच्या टाक्या मोठ्या आहेत. पेन्शनरांचा हयातीचा दाखला मोबाईलवरून चेहरा दाखवून इथेच काढून देतो.

आम्ही रुग्णालय नाही. ऑक्सिजन किंवा सततचे डॉक्टर लागत असतील तर आमच्याकडे आणू नका, तसं स्पष्ट सांगतो. ७० वर्षं पूर्ण झालेल्यांनी आयुष्मान कार्ड आधीच काढून ठेवावं. त्यात योजनेतल्या रुग्णालयात दाखल झाल्यावर वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मोफत होतात, आणि उत्पन्नाची अट नाही.

बघायला जेवणाच्या वेळी या, आणि ज्यांना राहायचं आहे त्यांना बरोबर आणा. मुलांनी एकट्याने येऊन खोली ठरवली तर आम्ही ती राखून ठेवत नाही. येताना चालू औषधांची चिठ्ठी, चष्मा आणि घरात रोज घालायच्या चपला आणा. त्याच चपलांवर आमच्या फरशीवरून चालून बघता येईल.