कोपर पडलं की वेग पडतो

पोहण्याच्या फ्रीस्टाइल प्रकारात अंग पुढे नेण्याचं बहुतेक काम हात करतात. तरी तलावावर दणादण हात मारणारा मागे राहतो आणि शेजारच्या लेनमधला, निवांत वाटणारा, पुढे निघून जातो. फरक पडतो हात पाण्यात शिरल्याबरोबर.

हात खांद्याच्या रेषेत, बोटांची टोकं आधी अशा बेताने शिरावा. अंगठा खाली करून घातला तर खांदा पिळला जातो. डोक्यासमोर आडवा गेला तर कंबर सापासारखी वळवळते. मग हात पुढे लांबवायचा. खरी मेख इथे आहे: कोपर पाण्याच्या वरच्या थरातच ठेवून बोटं तळाकडे वळवायची. कोपरापासून बोटांपर्यंतचा हात उभा झाला की त्याचं एक अखंड वल्हं होतं. त्यानंतर मागे रेटायचं, थेट मांडीपर्यंत.

बहुतेकांचं कोपरच आधी खाली येतं. तळहात ४५ अंशांत तिरका राहिला तर ढोबळ हिशेबाने ७० टक्केच जोर पुढे नेतो, आणि तेवढाच जोर छाती वर उचलण्यात जातो (तिरक्या जोराच्या या दोन भागांची साधी बेरीज शंभर होत नाही). छाती वर म्हणजे पाय खाली, आणि खाली गेलेले पाय पाण्याला अडतात. श्वासासाठी डोकं उचलणाऱ्यांचंही हेच होतं, कारण तोल सावरायला पुढचा हात पाणी दाबतो.

आता हिशेब. २५ मीटरच्या तलावात भिंत ढकलून ५ मीटर गेले, असं धरू. उरलेले २० मीटर २० हातांत, २० सेकंदांत कापले, तर दर हाताला १ मीटर आणि वेग सेकंदाला १ मीटर. घाई करून २४ हात मारले आणि १८ सेकंद लागले, तर वेग ११ टक्के वाढला, पण दर हाताचं अंतर ८३ सेंटिमीटरवर आलं. पाण्याचा अडथळा साधारण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, लागणारी शक्ती घनाच्या. म्हणजे त्या ११ टक्क्यांसाठी सुमारे ३७ टक्के जास्त शक्ती. तलावाच्या दोन लांबीत दम संपतो तो म्हणूनच.

सुधारायचं असेल तर २५ मीटर मुठी मिटून पोहा. तळहात नसल्यावर पाणी धरायला कोपरापुढचा हातच उरतो. पुढची लांबी मुठी उघडून, हात मोजत. बोटं घट्ट चिकटवू नका, किंचित फट चालते. हाताभोवती बुडबुड्यांचा पांढरा झोत दिसला तर हात हवा घेऊन शिरतोय. त्या बुडबुड्यांवर पकड बसत नाही.