आरोग्यपच्चा आणि काणी समाजाचे ज्ञान

केरळ आणि तमिळनाडूच्या सीमेवरील अगस्त्यमलईच्या जंगलात 1987 साली डॉ. पी. पुष्पांगदन यांच्यासह वनस्पतींचा अभ्यास करायला गेलेल्या शास्त्रज्ञांच्या एक गोष्ट लक्षात आली. वाट दाखवणारे काणी या आदिवासी समाजाचे लोक सतत चढण चढूनही थकत नव्हते आणि अधूनमधून कसली तरी लहान फळे खात होते. हे गुपित बाहेरच्यांना सांगायला ते सुरुवातीला तयार नव्हते. पुढे विश्वास बसल्यावर त्यांनी ती वनस्पती दाखवली. ती होती आरोग्यपच्चा, शास्त्रीय नाव ट्रायकोपस झेलॅनिकस.

तिरुवनंतपुरमजवळच्या उष्णकटिबंधीय वनस्पती उद्यान व संशोधन संस्थेत तिच्यावर काम झाले. काणी लोक फळे खात असत, संशोधकांनी मात्र पानांतील थकवा कमी करणारे घटक तपासले आणि अश्वगंधा, पिंपळी व शंखपुष्पी यांच्या जोडीने ‘जीवनी’ हे औषध तयार केले. पाने निवडण्याचे श्रेय प्रयोगशाळेचे खरे. पण हजारो वनस्पतींतून नेमकी हीच तपासावी हे कळले ते काणींच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवामुळे, आणि माझ्या मते शोधातील सर्वांत अवघड टप्पा तोच होता.

औषध बनवण्याचा परवाना कोइमतूरच्या आर्य वैद्य फार्मसीला 10 लाख रुपये आणि विक्रीवर 2 टक्के स्वामित्वधन या अटींवर मिळाला. या उत्पन्नातील निम्मा वाटा काणींना द्यायचे ठरले व त्यासाठी 1997 साली त्यांचा न्यास नोंदवला गेला. भारताचा जैवविविधता कायदा 2002 सालचा, म्हणजे ही वाटणी कायद्याने बंधनकारक होण्याआधीची आहे आणि म्हणूनच ती जगभर उदाहरण म्हणून सांगितली जाते. तरीही सारा समाज एकमताने मागे होता असे नाही. उपचारांचे ज्ञान परंपरेने सांभाळणाऱ्या काही काणी वैद्यांनी ते विकण्यालाच आक्षेप घेतला होता, आणि समाजाच्या वतीने संमती नेमकी कोणी द्यायची हा त्यांचा प्रश्न रास्त होता.

पुढची अडचण पानांच्या पुरवठ्याची होती. ही वनस्पती घनदाट जंगलाच्या सावलीत वाढते, नैसर्गिक अधिवासाबाहेर लावल्यास तिच्यातील गुणकारी घटक पुरेसे उतरत नाहीत असे संशोधकांना आढळले. काणी कुटुंबांनी जंगलालगत लागवड सुरू केली, तेव्हा वनोपज म्हणून तिच्या तोडणीला वन विभागाने हरकत घेतली, आणि औषधाला मागणी असूनही पाने अपुरी पडू लागली.