कार्बन डायऑक्साइडचे द्रवीकरण : ऊर्जा आणि खर्च

कार्बन डायऑक्साइड वायू दाबून आणि गार करून द्रव करण्याची औद्योगिक प्रक्रिया. साध्या दाबाला टनभर वायूला साधारण 550 घनमीटर जागा लागते. द्रव झाला की तो घनमीटरभर टाकीत मावतो. शीतपेये, वेल्डिंग, अग्निशमन यांसाठी तो टँकरने किंवा सिलिंडरमधून पोहोचतो, तो त्यामुळेच.

मायकेल फॅरडे यांनी 1823 साली बंद काचनळीत हा द्रव प्रथम मिळवला. 1869 साली थॉमस अँड्र्यूज यांनी दाखवून दिले, की सुमारे 31 अंश सेल्सिअसच्या वर कितीही दाबले तरी हा वायू द्रव होत नाही. खालची मर्यादाही तितकीच कडक आहे : 5.18 बारपेक्षा (1 बार म्हणजे साधारण हवेचा दाब) कमी दाबाला तो द्रवरूपात राहतच नाही, काही भाग वायू होतो आणि उरलेल्याचा कोरडा बर्फ, म्हणजे घन कार्बन डायऑक्साइड, होतो. टँकर रिकामा करताना होजमध्ये आधी वायू सोडून दाब भरून घेतात. थेट द्रव सोडला तर होजमध्येच पांढरा भुसभुशीत बर्फ धरतो आणि वाट बंद होते.

विजेचा सगळा हिशेब या दोन मर्यादांमध्ये बसवावा लागतो. 31 अंशांचा आकडा महाराष्ट्रात फार महत्त्वाचा ठरतो. नॉर्वेत समुद्राचे 10 अंशांचे पाणी मिळाले, तर 45 बारच्या थोड्या वर नेलेला वायू त्या पाण्यानेच द्रव होतो. सोलापूर-नगरकडे उन्हाळ्यात कूलिंग टॉवरचे पाणीच 30 अंशांच्या घरात असते. तिथे हा मार्ग जवळजवळ बंद. म्हणून वायू दोन टप्प्यांत 18 ते 20 बारपर्यंत दाबायचा, मध्ये पाण्याने गार करायचा, आणि उणे 20 अंशांच्या आसपास अमोनियाच्या शीतयंत्रणेने द्रव करायचा, ही पद्धत इथे सोयीची. टनामागे सुमारे 100 ते 120 युनिट वीज लागते. युनिट 8 रुपये धरले, तर नुसती वीजच 800 ते 960 रुपयांची. त्यातला मोठा वाटा कॉम्प्रेसरचा.

बचतीच्या जागा मात्र अनेकदा नजरेआड राहतात. 1 बारचे 2 बार करायला जेवढे काम लागते, जवळपास तेवढेच 10 चे 20 करायला लागते. म्हणजे दाब किती पटीने वाढवला यावर काम ठरते. त्यामुळे कॉम्प्रेसरकडे येणाऱ्या पाइपात 1 बारपैकी 0.1 बार दाब वाया गेला, तर आदर्श हिशेबातही काम साडेतीन टक्क्यांनी वाढते. तुंबलेला फिल्टर किंवा अरुंद पाइप अशी विजेची रोजची गळती करतो. शीतयंत्रणेतही अमोनिया गरजेपेक्षा एक अंश जास्त थंड ठेवला की तिची वीज दोन-तीन टक्क्यांनी वाढते. कंडेन्सरवर (शीतयंत्रणेची उष्णता बाहेर टाकणाऱ्या भागावर) क्षार धरले तरी तसेच. नवे यंत्र घेण्याआधी या गोष्टी तपासाव्यात.

कच्चा वायू कुठला, यावर खर्चाचा दुसरा भाग ठरतो. साखर कारखान्यांच्या आसवनीत (इथेनॉल बनवणाऱ्या विभागात) मळी आंबताना निघणारा वायू जवळजवळ शुद्ध असतो. रासायनिक हिशेबाने लिटरभर इथेनॉलमागे सुमारे पाऊण किलो. पाण्याने धुऊन, सक्रिय कोळशातून नेऊन वाळवला, की काम भागते. वाळवण्यात हयगय चालत नाही. उरलेले पाणी गोठून झडपा अडवते आणि लोखंड खाते. नायट्रोजनसारखे द्रव न होणारे वायू मिसळले असतील तर ते बाहेर सोडताना थोडा कार्बन डायऑक्साइडही जातो. सिमेंट कारखान्याच्या धुरातून आधी तो वेगळा काढावा लागतो, आणि तो खर्च द्रवीकरणापेक्षा कितीतरी मोठा असतो. नॉर्वेतील ब्रेविकच्या सिमेंट कारखान्यात हेच केले जाते. तिथला द्रव सुमारे 15 बार दाबाला जहाजाने नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावरील ओयगार्डनला जातो. 2025 मध्ये तो कायमचा साठवण्यासाठी समुद्रतळाखाली सोडायला सुरुवात झाली. 7 बारला नेला तर टाक्या हलक्या व मोठ्या करता येतात, पण तापमान उणे 50 पर्यंत उतरवावे लागते आणि बर्फाची सीमा अगदी जवळ येते.

आसवनी हंगामी असेल तर भांडवलाचा हिशेबच बदलतो. संच वर्षातले निम्मेच दिवस चालला, तर प्रत्येक टनावरचा भांडवली बोजा दुप्पट होतो. साठवण टाक्या वाढवूनही तो भरून निघत नाही, कारण उष्णता आत शिरून द्रव उकळत राहतो आणि तो पुन्हा गार करायला वीज लागतेच.