डोस झालेल्यांना कोरोना: आकड्यामागचा जुना प्रश्न

ऑगस्ट २०२१ मध्ये निपाणीजवळच्या कोगनोळी नाक्यावर एकच वाद ऐकू यायचा: "दोन्ही डोस झालेत, मग रिपोर्ट कशाला?" महाराष्ट्रातून कर्नाटकात येणाऱ्याला लस घेतलेली असली तरी ७२ तासांच्या आतला आरटीपीसीआर निगेटिव्ह अहवाल सक्तीचा होता. त्यातून कोणी म्हणे लसच निकामी, कोणी म्हणे डोस झालेल्याला काही होतच नाही. दोन्ही समज खोटे होते आणि दोन्हींनी माणसांचं नुकसान केलं.

लस घेतलेलेही आजारी पडतात, मग लस चालते की नाही हे आकड्यांवरून कसं ठरवायचं? आपल्या मुलखात हा प्रश्न सव्वाशे वर्षांचा आहे. जीवाणूशास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ ला आधी स्वतःला टोचून घेतली. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात सुमारे निम्म्या कैद्यांनी ती घेतली. तिथला हिशेब सोपा होता, कारण सगळे एकाच भिंतीआड होते, एकच अन्न खात होते. १८९८ मध्ये हुबळीत हजारोंनी टोचून घेतलं, तेव्हा मात्र घोळ सुरू झाला. दर आठवड्याला लस घेतलेले वाढत, न घेतलेले घटत. मग आजारी माणसं नक्की कितींपैकी मोजायची? त्याच वर्षी नेमलेल्या प्लेग आयोगाचा निष्कर्ष होता की लस आजार आणि मृत्यू कमी करते, पण पूर्ण संरक्षण देत नाही. पुढे १९१५ मध्ये ग्रीनवुड आणि यूल या संख्याशास्त्रज्ञांनी अशा तुलनेच्या अटी मांडल्या. दोन्ही गट सारखे हवेत आणि दोघांनाही लागण होण्याचा धोका सारखा हवा.

या अटी २०२१ मध्ये विसरल्या गेल्या. एखाद्या गावात १,००० प्रौढ आहेत, ९०० जणांनी लस घेतली आहे असं धरू. लस घेतलेल्यांपैकी १८ जणांना लागण झाली, उरलेल्या १०० पैकी १० जणांना. बातमी येते, 'बाधितांपैकी ६४ टक्के लसवंत!' प्रमाण पाहिलं तर एकीकडे २ टक्के, दुसरीकडे १०.

उलट्या बाजूनेही फसगत झाली. २१ एप्रिल २०२१ ला आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने) सांगितलं की कोव्हिशिल्डचा दुसरा डोस घेतलेल्या सुमारे १ कोटी ५७ लाखांपैकी ५,०१४ जण बाधित झाले, म्हणजे ०.०३ टक्के. आकडा ऐकून पुष्कळांनी मास्क उतरवले. पण लसीकरण १६ जानेवारीला सुरू झालेलं, बहुतेकांचा दुसरा डोस जेमतेम काही आठवड्यांचा, त्यात लाट अजून चढतच होती. शिवाय पहिल्या डोसांचे मानकरी होते डॉक्टर, नर्स, आशाताई, रोज रुग्णांच्या सहवासात राहणारे; मार्चपासून साठीपुढचे. त्यांची तुलना घरी बसलेल्या पंचविशीच्या पोराशी करून लस चालते की नाही हे ठरत नाही. माझ्या मते, टक्क्यांसोबत 'कोण' आणि 'किती दिवसांत' हे न छापणं हीच त्या काळातली सर्वांत महाग चूक होती.