लिफ्ट बंद झाल्यावर: रात्रीच्या स्कीइंगमागचा धोका कुठून आला

आल्प्समधल्या स्की-केंद्रांवर संध्याकाळी स्कीअरांना डोंगरावर नेणाऱ्या लिफ्ट थांबल्या की अनेक उतारांच्या तोंडाशी पाटी लागते: उतार बंद, विंच (पोलादी दोर ओढणारं यंत्र) चालू, जिवाला धोका. डिसेंबरात तिथे पाचच्या सुमारास अंधारतं. तरी पाटीला वळसा घालून जाणारे दर हिवाळ्यात असतातच. कुणी वरच्या हॉटेलात गप्पांत रमलेला असतो, कुणी ऑफिस सुटल्यावर कपाळाला दिवा बांधून पायीच चढून आलेला. वाटेत काही दिसणार नाही, कुठेतरी आपटू, एवढीच काय ती त्यांची काळजी असते. पण रात्रीच्या उतारावर अंधाराखेरीज बरंच काही असतं, आणि ते तिथे कसं आलं हे पाहायला थोडं मागे जावं लागतं.

अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात पिट्सफिल्ड नावाचं गाव आहे. १९३५ पासून न्यूयॉर्कहून तिथे स्कीअरांनी भरलेल्या खास गाड्या येऊ लागल्या. गावात जनरल इलेक्ट्रिकचा मोठा कारखाना होता आणि गावाजवळच क्लॅरन्स बॉस्के यांच्या शेतजमिनीवर स्कीइंगची टेकडी. १९३६ मध्ये कंपनीच्या मदतीने या टेकडीवर विजेचे दिवे लागले. दिव्यांच्या उजेडातल्या व्यावसायिक स्कीइंगची सुरुवात इथूनच झाली असं सहसा मानलं जातं. कारण साधं होतं. कामगार दिवसभर कारखान्यात. त्याला घसरायला वेळ मिळणार तो रात्रीच.

त्याच वर्षी, त्याच गावात आणखी एक घटना घडली, आणि मला ती दिव्यांपेक्षा महत्त्वाची वाटते. न्यूयॉर्कचा विमा व्यावसायिक चार्ल्स मायनट डोल १९३६ च्या सुरुवातीला व्हरमाँटमधल्या स्टो इथे पडला आणि त्याचा घोटा मोडला. तेव्हा उतारावर मदतीची व्यवस्था अशी काही नव्हतीच. मित्रांनी कुठून तरी छपराचा पत्रा पैदा केला आणि त्यावर घालून त्याला खाली आणलं. या मित्रांपैकी फ्रँकलिन एडसन काही आठवड्यांनी पिट्सफिल्डमधल्या एका शर्यतीत झाडावर आदळून मरण पावला. डोलने मग हा विषय सोडलाच नाही. १९३८ मध्ये त्याच्या पुढाकाराने अमेरिकेची नॅशनल स्की पेट्रोल, म्हणजे उतारांवर गस्त घालून जखमींना मदत करणारी संघटना, उभी राहिली. पुढे महायुद्धात सैन्याचं पर्वतीय दल उभं राहावं म्हणून सरकारदरबारी खेटे घालणाराही हाच माणूस, पण तो वेगळा विषय.

या गस्तीमुळे स्कीइंगच्या दिवसाला एक नेमका शेवट मिळाला. लिफ्ट थांबली की गस्तीचे लोक वरून खालपर्यंत उतार पिंजून काढतात. कुणी पडलंय का, कुणी मागे राहिलंय का ते पाहतात. ही अखेरची फेरी झाली की उतार रिकामा धरला जातो. त्यानंतर जो खाली येतो त्याची नोंद कुणाकडे नसते. दिवसा गुडघा मुरगळला तर पाठीमागून येणारा थांबतो, पंधरा-वीस मिनिटांत जखमीला नेणारी घसरगाडी येते. रात्री तोच गुडघा घेऊन उणे दहा अंशांत, घामाने ओल्या कपड्यांत पडून राहणं ही वेगळ्याच प्रकारची दुखापत ठरते. फोनला रेंज असेल तर ठीक. हेलिकॉप्टर मागवता येईल म्हणावं, तर रात्री ते सगळीकडे मिळत नाही.

आता यंत्रांकडे वळू. सुरुवातीला उतार दाबायचं काम स्कीअर स्वतःच करत, बाजूने पावलं टाकत, बर्फ तुडवत. १९५० च्या सुमारास कोलोरॅडोतल्या विंटर पार्कमध्ये स्टीव्ह ब्रॅडलीने त्यासाठी एक सांगाडा बनवला. स्की घातलेला माणूस पुढे उतरायचा आणि तो सांगाडा त्याच्या मागून घसरत यायचा. हे काम करणाऱ्यांच्या धैर्याला दाद द्यावी तेवढी थोडी. त्याच सुमारास कनेक्टिकटमध्ये कृत्रिम बर्फ उडवणारी पहिली तोफ चालली. पाण्याचा फवारा गोठायला हवा थंड आणि कोरडी लागते, म्हणून ही तोफ मुख्यतः रात्रीच चालवायची. १९६९ मध्ये जर्मनीच्या केसबोरर कंपनीचं ‘पिस्टनबुली’ आलं: रुंद पट्ट्यांवर चालणारं यंत्र. आज अशा यंत्रांना पुढे पातं आणि मागे बर्फ दळून सपाट करणारा रूळ असतो. हळूहळू सकाळी रेघा ओढल्यासारखा दिसणारा गुळगुळीत उतार ही गिऱ्हाइकाची अपेक्षाच होऊन बसली. दळलेला बर्फ घट्ट बसायला काही तास शांत पडून राहावा लागतो, आणि दिवसा उतारावर माणसं असतात. म्हणजे हे कामही रात्रपाळीचंच. जो डोंगर दिव्यांनी रात्री माणसांसाठी खुला केला, त्याच्या बाकीच्या सगळ्या वाटा याच काळात यंत्रांच्या ताब्यात गेल्या.

यातलं सर्वांत घातक यंत्र विंच. उतार फार तीव्र असला की नुसत्या पट्ट्यांवर यंत्र टिकत नाही. मग वर एका खांबाला पोलादी दोर अडकवतात आणि त्याच्या आधाराने यंत्र वर-खाली करतं. दोर बोटभर जाडीचा, लांबी हजार मीटर किंवा त्याहून जास्त, आणि त्यावरचा ताण चार-साडेचार टनांचा. चालकाचे दिवे यंत्रापुढचा पट्टा उजळतात. पाचशे मीटरवर वळणापलीकडे अंधारात ताणलेल्या दोराकडे कुणाचं लक्ष असणार? कधी तो ढिला होऊन बर्फाखाली दडतो आणि यंत्राने ओढ घेताच सपकन वर उठतो. उतारावर उंचवटा किंवा वळण असलं तर ताण बसताच आडवा झेपावतो. यंत्र या कुशीवरून त्या कुशीला गेलं की दोर अख्ख्या रुंदीवर झाडूसारखा फिरतो. स्कीअरला यंत्राचे दिवे खाली दूर दिसतात, आपल्यापासून लांब आहे म्हणून तो निर्धास्त होतो, आणि घात होतो तो नेमका तिथेच. अशा दोराला धडकून माणसं मेली आहेत.

बर्फही रात्री बदलतो. दुपारी उन्हाने मऊ झालेल्या बर्फात शेकडो स्कींच्या चाकोऱ्या पडतात. निरभ्र आकाशाखाली बर्फाचा पृष्ठभाग उष्णता झपाट्याने बाहेर टाकतो आणि भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होतो. चाकोऱ्या दगडासारख्या कडक होतात. तीन वाजता सहज पार केलेला टप्पा सहा वाजता वेगळाच असतो, आणि फसगत होते ती ओळखीच्या वाटेवरच.

डोळ्यांचंही तसंच. अंधाराला पुरतं सरावायला डोळ्यांना अर्धा तास लागतो. मोबाइलच्या पडद्याकडे एकदा पाहिलं की त्यावर बरंचसं पाणी फिरतं. आंतरराष्ट्रीय स्की महासंघ रात्रीच्या शर्यतीसाठी मार्गावर कुठेही ८० लक्सपेक्षा (लक्स हे उजेड मोजायचं एकक) कमी उजेड चालवून घेत नाही. स्वच्छ पौर्णिमेचा उजेड अर्धा लक्ससुद्धा भरत नाही. ऑस्ट्रियातल्या श्लाडमिंगची रात्रीची स्लॅलम (खांबांमधून वळणं घेत उतरायची) शर्यत टीव्हीवर पाहून ‘रात्री किती छान दिसतं’ असं वाटतं, ते त्या दिव्यांच्या भिंतीमुळे.

हेडलॅम्पची अडचण सह्याद्रीत रात्रीचे ट्रेक करणाऱ्यांना माहीत असेल. दिवा डोळ्यांच्या अगदी वर असल्याने दगडाची सावली दगडामागेच लपते आणि वाट सपाट भासते. राजगडाच्या वाटेवर त्याची किंमत एक ठेच. ताशी ४० किलोमीटर वेगाने घसरणारा माणूस सेकंदाला ११ मीटर जातो. पन्नास मीटरवरचा खड्डा दिसून, मेंदूला कळून, स्कीच्या कडा वळवून थांबेपर्यंत ते अंतर संपत आलेलं असतं. त्यात बर्फ पडत असला तर प्रकाश कणांवरून परत डोळ्यांतच येतो.

एवढं असूनही रात्री वर जाणारे कमी झाले नाहीत, वाढले. एलईडीमुळे हेडलॅम्प हलके आणि प्रखर झाले. तळाला चिकटपट्ट्या लावून चढायच्या टूरिंग स्की स्वस्त नसल्या तरी सहज मिळू लागल्या. शहरातली माणसं कामानंतर तासाभराचा व्यायाम म्हणून तयार उतार चढू लागली. २०२०-२१ च्या हिवाळ्यात महामारीमुळे इटली, फ्रान्स आणि जर्मनीतल्या लिफ्ट बंद राहिल्या तेव्हा या प्रकाराला आणखी जोर आला. हॉटेलांनी आधीच मोटारस्लेजने (बर्फावर चालणाऱ्या मोटारगाडीने) पाहुणे वर-खाली न्यायला सुरुवात केली होती. ४ जानेवारी २०१३ च्या रात्री इटलीच्या फिएम्मे खोऱ्यातल्या चेर्मिस डोंगरावर मोटारस्लेज आणि तिला जोडलेली घसरगाडी बंद, तीव्र उतारावरून खाली कोसळली आणि सहा रशियन पर्यटक मरण पावले. उतार मुळात स्कीअरांसाठी आखलेला होता. रात्री त्यावर दुसरंच वाहन होतं.

नुसती बंदी चालत नाही हे ऑस्ट्रियाच्या टिरोल प्रांताने लवकर ओळखलं. इन्सब्रुकच्या आसपास केंद्रांनी आठवड्याचे वार वाटून घेतले: आज या डोंगराचा एक उतार टूरिंगवाल्यांना ठराविक वेळेपर्यंत खुला, तिथे त्या वेळात विंच चालणार नाही; उद्या पलीकडचा डोंगर. अल्पाइन क्लबांनी, म्हणजे गिर्यारोहकांच्या संघटनांनी, नियम छापले: कडेने चढा, एकामागे एक चला, दिवा लावा, बंद म्हणजे बंद. ही मला सर्वांत शहाणी तडजोड वाटते, कारण ती माणसाला हाकलत नाही, वेळ वाटून देते.

अर्थात ती संध्याकाळपुरतीच. रात्रभर बर्फ पडला की पहाटे, लिफ्ट सुरू व्हायच्या आधी, हिमस्खलन पाडण्यासाठी स्फोट केले जातात. वायूचा स्फोट घडवणाऱ्या नळ्या डोंगरावर कायम बसवलेल्या असतात आणि खालच्या खोलीतून बटण दाबून अंधारातही स्फोट करता येतो. सूर्योदय गाठायला चार वाजता निघालेला स्कीअर त्या खोलीतल्या माणसाला दिसत नाही. त्याच्या हिशेबी उतार आदल्या संध्याकाळच्या फेरीपासून रिकामाच आहे.