दहा किलोची काँक्रीट प्लेट, खानदेशी उन्हात

व्यायामाच्या बारवर (वजन उचलायच्या दांड्यावर) चढवायची प्लेट घरीच काँक्रीटची ओतता येते. एक लिटर लोखंडाचं वजन सात किलोंच्या वर भरतं, काँक्रीटचं साधारण 2.4 किलो. म्हणजे काँक्रीटची प्लेट तेवढ्याच वजनाच्या लोखंडी प्लेटच्या तिप्पट जाड होते. 30 सेंटिमीटर व्यास, 6 सेंटिमीटर जाडी आणि मध्ये 4 सेंटिमीटरचं भोक धरलं की हिशोब बरोबर 10 किलोंवर येतो. खानदेशात ती थोडी जडच भरते. आपली खडी काळ्या पाषाणाची, म्हणजे बेसाल्टची, आणि बेसाल्ट ग्रॅनाइटपेक्षा जड.

साच्यासाठी 97 सेंटिमीटर लांब, 6 सेंटिमीटर रुंद पत्र्याची पट्टी घ्या. टोकं 3 सेंटिमीटर एकावर एक चढवून रिव्हेट मारा, कडं प्लायवुडवर ठेवा आणि आतून गाडीचं काळं ऑइल पुसा. भोकासाठी शेतातल्या 40 मिलिमीटर पीव्हीसी पाईपचा 6 सेंटिमीटरचा तुकडा पुरतो. तो प्लेटमध्येच राहतो, त्यामुळे बार सिमेंटवर घासत नाही. तुकडा गुण्यात, म्हणजे काटकोनात, उभा नसेल तर प्लेट बारवर तिरकी बसते, म्हणून खाली लाकडी ठोकळा ठोकून त्यावर तो घट्ट बसवा.

एका प्लेटला सिमेंट 1.7 किलो, वाळू 2.8 किलो, 10 मिलिमीटरची खडी 5.2 किलो. पाणी 850 मिलिलिटर, मापून. बहुतेक प्लेटा इथेच बिघडतात. 100 ग्रॅम सिमेंटला रासायनिक क्रियेसाठी जेमतेम 25 ग्रॅम पाणी लागतं, वरचं पाणी फक्त कालवणं सोपं करतं. ते पुढे उडून जातं आणि मागे बारीक छिद्रं ठेवतं. सिमेंटच्या निम्म्याऐवजी 70 टक्के पाणी घातलं तर ताकद साधारण तिसऱ्या हिश्श्याने घटते. हातमोजा घालून मूठभर माल दाबून पाहा: गोळा टिकला आणि बोटांमधून पाणी ओघळलं नाही, तर माल बरोबर. हातमोजा हवाच, ओलं सिमेंट कातडी भाजतं.

माल दोन थरांत भरा. मध्ये 6 मिलिमीटर सळीचं 24 सेंटिमीटर व्यासाचं कडं आणि दोन आडव्या काड्या बाइंडिंग वायरने बांधून टाका. काँक्रीट दाब सोसतं, ताण सोसत नाही. कडं असेल तर तडा गेला तरी तुकडे पायावर पडत नाहीत. साच्याला बाहेरून हातोडीने ठोकत राहा, हवेचे बुडबुडे वर येणं बंद झालं की थांबा.

आता उन्हाचं. आखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) सुमारास जळगाव-भुसावळला पारा 44 अंशांवर जातो. भर दुपारी ओतलेल्या प्लेटचं वरचं पाणी आतलं वर येण्याआधीच उडतं. काळ्या जमिनीला उन्हाळ्यात भेगा पडतात तशा पृष्ठभागावर केसाएवढ्या चिरा दिसू लागतात. कारणही तेच: पाणी गेलं, आकार आकसला. म्हणून दिवस मावळल्यावर ओता आणि गच्चीवरच्या टाकीचं तापलेलं पाणी न घेता माठातलं घ्या. माल अर्ध्या तासात साच्यात जायला हवा. घट्ट होत आलेल्या मालात पुन्हा पाणी मारून कालवू नका. ओतल्यावर वरची चमक गेली की ओलं गोणपाट टाका, वर केळीची पानं अंथरा. दुसऱ्या दिवशी साचा सोडवून प्लेट पाण्याच्या टबात बुडवा. बाजारातलं बहुतेक सिमेंट पीपीसी, म्हणजे राख मिसळलेलं, असतं, त्याला अशा उन्हात 14 दिवस पाणी द्या. 28 दिवसांआधी बारवर चढवू नका.

बारसाठी एक इंची मध्यम जाडीचा पाईप उत्तम. बाहेरचा व्यास 33.7 मिलिमीटर, वजन मीटरला साधारण 2.4 किलो. 28 मिलिमीटरची भरीव सळी मीटरला 4.8 किलो भरते, पण वाकण्याविरुद्ध दोघांची भूमिती जवळजवळ सारखी पडते. वाकताना ताण कडेला असतो, मधलं लोखंड फारसं कामाला येत नाही, म्हणून पोकळ पाईप निम्म्या वजनात तेवढंच काम करतो. पाईप 1.8 मीटर घ्या. दोन्ही टोकांपासून 25 सेंटिमीटरवर आतला अडथळा म्हणून कडी वेल्ड करा. पाईप काळाच घ्या, जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला) नको: जस्ताचा धूर वेल्डिंग करणाऱ्याला ताप आणतो. टोकाला आटे पाडू नका, आट्यात पाईपची जाडी घटते आणि तडा तिथूनच जातो. प्लेटा अडवायला बाहेरून होज क्लिप (पाईपवर आवळायची पट्टी) पुरते. अशा बारवर एकूण 60 किलोंच्या पुढे जाऊ नका आणि तो वरून आपटू नका.

28 दिवसांनी प्लेटा वाळवून तोला. जवळच्या वजनांच्या जोड्या लावा, हलकी असेल तिच्या कडेभोवती सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी जादा गुंडाळा. पट्टी तशीही सगळ्यांनाच लावायची आहे, कारण टवके कडेचेच उडतात.